दादा, आवाज येतो का?

ब्लँटायर,
सोमवार, १४ ऑगस्ट २००६

प्रिय सुझगोदादा,

तुला, वहिनीला आणि पाकीट फोडायच्या आत "काय लिहिलंय गं बाई, काय लिहिलंय" करत चुलीपासून उठून आलेल्या आईला माझा गुडघे टेकून नमस्कार. न्यागोंद्वेमावशी आज मासळी विकून परत निघाली आहे, तिच्या टोपलीतून हे पत्र पाठवतेय. वासाबद्दल राग मानू नका.

आई, तू पाठवलेली सुकी उसिपा मासळी मिळाली. वसतिगृहात तळली, तर अर्ध्या मजल्याने नाकाला रुमाल लावला आणि उरलेला अर्धा मजला ताट घेऊन आला. इथली मक्याची न्सिमा मऊ लागते गं, आपल्या कसाव्याच्या पिठाचा चिवटपणा तिला नाही. पोट भरतं, मन भरत नाही. आणि मी वाळलेले नाहीये. तो शाळेतला पडदाच माणसाला लांबट दाखवतो, हे मी तुला कितीदा सांगितलंय! लग्नाचं विचारू नकोस.

दादा, आईला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं सगळं कॉम्प्युटरचं आहे, तुला कळायचं नाही, असं सांग. चिडेल, पण सोडेल.

तर, कामाचं. रोज सकाळी त्याच खोलीत जाते. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकी नाही, समोर कॅमेरा. दाराबाहेर लाल दिवा लागला की आत कुणी येत नाही आणि मलाही बाहेर पडता येत नाही. तिथे उभी राहून मी भिंतीला गणित शिकवते आणि ते म्हणे आठ गावांतल्या शाळांच्या केंद्रांवर पोचतं. आपल्या चिवुमूचा निकाल सगळ्यांत वर लागला तेव्हापासून तर संस्थेत माझा नुसता उदोउदो चाललाय. संस्थाप्रमुख डॉ. चिपेटांनी माझ्या खोलीच्या दारावर चिवुमूचा नकाशा लावलाय. तळ्याच्या काठी, गाडीरस्ता नसलेल्या गावातली पोरं एका तारेवर पास झाली, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

परवा वेझी आली होती. तू शिकवलेल्या वर्गातली, पुढे आलेल्या दातांची. नर्सिंगला लागलीये इथे. भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली, गुडघे टेकले आणि मी "ये गं, बस" म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"काय गं, अशी काय बघतेस?"

"मॅडम, तुमचा आवाज असा आहे होय!"

"म्हणजे? वर्षभर ऐकलास ना?"

"छे! वर्षभर नुसतं बघितलं तुम्हाला. पडद्यावर चित्र थिजायचं, तुमचं तोंड उघडं राहायचं आणि डोळे मिटलेले. आम्ही रोज गुड मॉर्निंग म्हणायचो. मग ती किरकिर सुरू झाली की सुझगोसर बटण बंद करायचे आणि फळ्याकडे वळायचे. म्हणायचे, मॅडमसमोर नीट बसा, त्या बघतायत. मी सांगतोय ते त्यांचंच आहे."

मी हसले, दादा. तिला चहा दिला, शेंगा खाल्ल्या, फाटकापर्यंत सोडून आले. मग त्या खोलीत गेले, लाल दिवा लावला आणि पोटभर रडले. तेवढी एक सोय आहे त्या खोलीत.

तुला सोपं करून सांगते. चित्र, आवाज आणि फळ्यावरची अक्षरं, तिन्ही एकाच बारीक नळीतून जातात. नळी तुंबली की आधी काय सोडून द्यायचं, हेच माझं सगळं संशोधन. मी आवाज सोडला. पैसे देणाऱ्यांना चेहरा दिसला पाहिजे, असं डॉ. चिपेटांचं म्हणणं होतं आणि मला ते लगेच पटलं, कारण चेहरा माझा होता ना! चित्राचा एखादा तुकडा जरी पोचला तरी इथल्या यंत्रावर चिवुमूचा दिवा हिरवा. आणि वर दर शनिवारी धक्क्यावरून तुझा फोन: "स्वच्छ! अगदी चुलीपाशी बसून बोलतेयस असं वाटतं!"

भयंकर राग आला तुझा. वाटलं, बोटीत बसावं आणि येऊन तुझा कान पिळावा. पण आपल्या घरात वाढणाऱ्याला अळणी म्हणायची पद्धत कुठेय? आत्याने मीठ समजून घेवड्यात साखर घातली होती, आठवतं? बाबांनी पुन्हा मागून घेतलं आणि त्यांचं बघून तूही. मला तू वाढणारी समजलास आणि वर्षभर मागून मागून खाल्लंस. वेड्या, मी जेवण नव्हते वाढत रे, मी विचारत होते!

आता ते लिहिते, जे दोन पानं टाळत आलेय.

संस्थेच्या अहवालाचा शेवटचा परिच्छेद माझ्या हातचा आहे. वेझी भेटायच्या आधी लिहिलेला, सही करून दिलेला. नेटवर्क इतकं उत्तम शिकवतं की केंद्रावर शिक्षकाची गरज नाही; यंत्राची किल्ली सांभाळणारा एक माणूस पुरे. शिक्षणखात्याने तेवढंच नेमकं उचललं. जानेवारीपासून अंमल. सुरुवात सगळ्यांत चांगल्या केंद्रापासून करणार आहेत. म्हणजे तुझ्यापासून, दादा.

मी डॉ. चिपेटांकडे गेले होते. अगदी धावत गेले, वेझीचं सगळं सांगितलं.

"मंत्र्यांना निमंत्रणं गेली, आणि बाईसाहेबांना आज आठवलं?"

"सर, तिथे माझा भाऊ शिकवत होता."

"मग उत्तमच की. घरातली गोष्ट घरात राहील."

"सर, पण त्याची नोकरी..."

"हे बाहेर काढलंस तर त्याने वर्षभर खोटं कळवलं हे आधी बाहेर येईल. तो जानेवारीत जायचा तो उद्या जाईल. आणि तुझी पदवी आजच. जा, चेहऱ्याला पावडर लाव, रेकॉर्डिंग आहे."

आणि मी गेले रे! पावडर लावली आणि उभी राहिले. बोलले तर तू खोटारडा ठरतोस. गप्प बसले तर तू जातोस आणि वेझीच्या मागून येणाऱ्या पोरांच्या वाट्याला माझं उघडं तोंड तेवढं उरतं. बाहेर पडायला दार सापडत नाही.

पंधरा सप्टेंबरला, शुक्रवारी, मंत्र्यांसमोर मोठा कार्यक्रम आहे. त्या एका दिवसासाठी बोटीने अँटेनाची मोठी तबकडी आणि जनरेटर चिवुमूला येतील, शाळेच्या छपरावर चढतील आणि संध्याकाळी परत जातील. त्या दिवशी माझा आवाज खरोखरच पोचेल. वर्षात पहिल्यांदा. मला एक वाक्य लिहून दिलंय: "चिवुमू, आवाज येतो का?" तुलाही एक येईल: "येतो, अगदी स्वच्छ."

मी ते म्हणणार नाही. मी विचारणार आहे, "दादा, आजच्या आधी माझा आवाज कधी आला होता का?" आधी आपल्या तुंबुका भाषेत, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. हे विचारल्यावर माझं इथलं सगळं जाईल, ते मी धरूनच चाललेय. मला वाचवायला तू "हो" म्हणशील, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणूनच हे आधी कळवतेय. तुला खोटारडा म्हणू लागले तर तसं बोलायला मीच भाग पाडलं, असं मी तिथेच सांगेन. पण ते नुसतं माझ्या तोंडून चालायचं नाही. वर्गात खरं कोण शिकवत होतं, हे तुझ्याच तोंडून यायला हवं. पोरांना मागे उभी कर. वेझीच्या धाकट्या भावाला पुढे बसव, तो घाबरत नाही.

मी मात्र घाबरलेय, दादा. अक्षर बघतोयसच. मावशी खाली हाका मारतेय, पत्र आत्ताच तिच्या टोपलीत टाकते, म्हणजे मला परत घेता येणार नाही.

एवढं एकदा, सगळ्यांसमोर, मला अळणी म्हण.

तुझी,
तुझ्या वर्गात वर्षभर तोंड उघडं ठेवून गप्प राहिलेली,
लुसुंगू