कडवं संपेपर्यंत

प्रिय ठमे,

तुझं यंत्र राहिलं की गेलं, ते आधी सांग म्हणशील. जरा दम धर. हसून हसून माझं पोट अजून दुखतंय.

काल आपल्या कारखान्यात तू काढून ठेवलेल्या मापांनी यंत्रावर कापलेला पहिला पाळणा उभा राहिला. बाबांची अट तुला ठाऊकच आहे, घरच्या परीक्षेला उतरला नाही तर यंत्र परत. एक हलका झोका द्यायचा, मी अंगाईचं पहिलं कडवं म्हणायचं, आणि ते संपेपर्यंत पाळणा थांबता कामा नये. पणजोबांपासून हेच चालत आलंय. मी जीव मुठीत धरून गायला लागले. शेवटची ओळ अर्ध्यावर होती आणि तुझा पाळणा थांबला की गं!

मला वाटलं, बाबा आता मिशीत हसणार. पण पाळणा ज्यांवर झुलतो त्या खुंट्याच ते चाचपत बसले. शेवटी पॉलिशवाल्या मावशी म्हणाल्या, मालक, तुमच्या हातचा लावा की शेजारी. लावला, तर तोही तिथेच थांबला! बाबांचा चेहरा उतरला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हल्ली प्रत्येक पाळण्याच्या खुंट्या ते पुन्हापुन्हा घासत बसायचे. मी समजत होते, वयाबरोबर चोखंदळ झालेत. आणि हा माणूस, पाळणे कडव्याला पुरत नाहीत म्हणजे आपल्या हातातलं कसब गेलं, असं समजून मनातल्या मनात कुढत होता. माझ्याजवळ चकार शब्द नाही!

मावशींनी ब्रश खाली ठेवला. वहिनी, पाळण्यांना कशाला बोल लावता, म्हणाल्या, तुमचं गाणंच रेंगाळतंय, ओळी-ओळीला दम खाताय. आणि पूर्वी मी म्हणायचे तशी अंगाई त्यांनी खणखणीत म्हटली. कडवं संपलं तरी दोन्ही पाळणे आपले डुलतायत! बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भुशातच फतकल मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठून तुझ्या पाळण्यावरून हात फिरवत म्हणाले, खुंटीचं माप झकास काढलंय पोरीने. तू यंत्रावरून भांडून गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

यंत्र राहणार, गाणंही राहणार. आता प्रश्न गायचं कोणी. मावशी म्हणतात, एक दिवस ठीक, रोज गात बसले तर पॉलिश काय तुम्ही करणार? फोनवर गाणं लावू या म्हटलं, तर बाबा माझ्यावरच डाफरले, बाळाला काय फोन जोजवणार आहे?

हे पत्र त्यासाठीच. बाबा म्हणाले, तिला विचार, घरी येते का. ‘विचार’ म्हणाले गं, ‘सांग’ नव्हे. स्वतः लिहायची छाती नाही, म्हणून चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचतायत. तू बेसूर आहेस, याची मी त्यांना आठवण करून दिली. चालेल म्हणाले, पाळण्याला सूर कळत नाही. पण तिच्याशिवाय कारखान्यात करमत नाही, हे मात्र लिही.

तुझीच,
आई