खिशात सापडलेली गोळी

प्रिय छकुले,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

मनोरुग्णालयातून सुटून आपल्या मधल्याला आज तीन आठवडे झाले. आमची खोली लहान आहे, पण खिडकीतून झाड दिसतं आणि दवाखाना चार पावलांवर आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तिथली एक सवय मात्र सुटत नाही. गोळी घेतली की ती खरंच गिळली हे कळावं म्हणून तो आ करून, जीभ वर करून दाखवतो. चहा प्यायला तरी दाखवतो! मी म्हणतो, "अरे, मी काय वॉर्डबॉय आहे?" मग हसतो.

तुझ्यापासून काय लपवू? मंगळवारी त्याच्या सदऱ्याच्या खिशात गोळी सापडली. गोळ्या चुकल्या तर पुन्हा आत जावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मी ओरडलो नाही, शेजारी बसून विचारलं.

"सकाळच्या गोळीनं झोप येते रे. तू सकाळी म्हणून दाखवतोस त्या कविता अर्ध्याच ऐकू येतात."

बाईंना सांगितलं. त्यांनी ती गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली.

आज सकाळी मी आपल्या शाळेतली नदीची कविता आठवत बसलो होतो. त्या नादात माझी रक्तदाबाची गोळी राहिली. तर हा पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभा! मी गोळी गिळली, तरी हलेना.

"आ कर, दादा. जीभ वर."

केली बाई!

तुझे गुडघे कसे आहेत? औषध वेळेवर घेतेस ना? खरं सांग, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय आणि तपासणार तो आहे.

तुझा, आ करून बसलेला,
दादा