चालू का मोजू, आत्या?

प्रिय आत्या,

तुला जाऊन महिना झाला आणि मी आज लिहितोय, कारण सईचं लग्न ठरलंय, दुसऱ्याशी. सकाळीच कळलं. तिच्या दारात जाऊन तमाशा करायचा म्हणून बूट घालून बसलोय. असल्या वेळी मला बोलायला तूच लागायचीस ना!

कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. तू म्हणालीस, "रिकामाच हाईस न्हवं? मग मला रंकाळ्यावर फिरवून आण." मल्टिपल स्क्लेरोसिसनं तुझे पाय तुझं ऐकेनासे झाले होते, आणि मी मात्र सईचं पुराण लावायचो. तू दर दहा पावलांवर थांबायचीस. कठडा धरून विचारायचीस, "मग? काय म्हटली ती?"

किती वेळा खेकसलो मी, "चल की गं, किती थांबतीस!" एकदाही उलट बोलली नाहीस. का गं?

मग ती तपासणी. दवाखान्यात फरशीवर लावलेली चिकटपट्टी, फिजिओच्या मॅडम घड्याळ घेऊन उभ्या. गप्प चाललीस तेव्हा झकास गेलीस. मग त्या म्हणाल्या, "आता शंभरातून तीन-तीन वजा करत चाला." "सत्त्याण्णव," म्हणालीस आणि पाय जागीच. चौऱ्याण्णवला भिंत धरलीस. आणि वर हसतेस, "मॅडम, चालू का मोजू? एकच काय ते सांगा की!"

माझं डोकं फिरलं. "हिशोब येतोय आमच्या आत्याला!"

"हिशोब नाही बघत," मॅडम म्हणाल्या. "लक्ष दुसरीकडे गेलं की तोल जातोय का, ते बघतेय. चालणं आणि बोलणं एकदम जमत नाही त्यांना. बाहेर चालताना काय करता हो तुम्ही?"

"थांबते की," तू माझ्याकडे बघत म्हणालीस. "ह्याचं ऐकायचं असतंय."

आत्या, मला वाटायचं तू दमतेस! तू तर चालणं सोडून माझं ऐकत होतीस, थरथरत्या पायांवर उभी राहून, त्याच त्या रडगाण्यासाठी. त्यानंतर मी चालताना तोंड मिटलं, तर तुझीच तक्रार: "भांडलास व्हय रं तिच्याशी? बस बाकड्यावर आणि सांग."

माझं एवढं कुणीच ऐकलं नाही. आणि मी? सईनं दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी ओरडलो, ती निघून गेली. तिला काय सांगायचं होतं, मला अजून माहीत नाही!

तिच्या दारात जात नाही, आत्या. एकदाच फोन करतो. "नको" म्हणाली तर ठेवून देईन. बोलली, तर तिचं संपेपर्यंत मध्ये तोंड घालणार नाही. वचन देतो तुला.

तुझा तापट भाचा,
सूरज