तंबाखू सोडलेलं शहर

मिलान, ६ जानेवारी १८४८

प्रिय आईस,
एर्सिलियाचा नमस्कार.

आम्ही दोघं भावंडं घरीच आहोत. अंब्रोजोला जरा लागलं आहे, म्हणून त्याच्याऐवजी मी लिहिते. तुझा खोकला कसा आहे?

तंबाखूवरचा कर व्हिएन्नाच्या बादशहाला जातो आणि त्यावर आमच्याच उरावर बसलेलं सैन्य पोसलं जातं. म्हणून नव्या वर्षापासून इथे कुणीच तंबाखू ओढत नाही. आपला वेंधळा अंब्रोजो मात्र सवयीने पाइप पेटवून बाजारात गेला. मासळीवाली सगळ्यांदेखत म्हणाली, "काय रे, बादशहाच्या तोफेला बत्ती देतोस का?" लोक हसले. तो मान खाली घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सैनिक मुद्दाम चिरूट ओढत, लोकांच्या तोंडावर धूर सोडत फिरले. अंब्रोजोने एकाच्या तोंडातला चिरूट उडवला.

"कुणी सांगितलं होतं तुला?" मी विचारलं.

"ताई, आता ती मासळीवाली हसणार नाही," तो म्हणाला.

तलवारीचा वार पोटावर आहे. डॉक्टर रोज पट्टी बदलतात. आज त्यांनी ती बदलली नाही, नुसते त्याचा हात धरून बसले.

थंडी फार आहे, तरी पाद्रीबाबांची गाडी मागून घे आणि आजच निघ.

तुझी,
एर्सिलिया