वर्षअखेरीची बायको

ॲल्डर फॉल्स, मिनेसोटा
२६ फेब्रुवारी

प्रिय हेल्मी,

कशा आहात? लग्नानंतर मी तुम्हाला एकदा 'आई' म्हटलं, तेव्हा "तुझी आई जिवंत आहे ना? मग मला हेल्मीच म्हण," असं सुनावलं होतंत, म्हणून हेल्मी. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि ठेवून देता. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. ठेवता येतं म्हणा, पण मला दिसणार नाही.

इकडे मरणाची थंडी आहे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातले दोघे आजारी पडलेत, त्यामुळे बटाटे सोलण्यापासून सगळं माझ्याच गळ्यात. तुमच्या छपरावरचा बर्फ कुणी उतरवला का? स्वतः शिडीवर चढू नका. एव्हाना चढून उतरलाही असाल, मला ठाऊक आहे.

कामाचं सांगते. सोबत रेनोचं गेल्या वर्षीचं कराचं विवरणपत्र आहे. व्हर्नाने जिथे फुली मारली आहे तिथे सही करा. व्हर्ना म्हणजे गणिताची निवृत्त बाई, जी चर्चच्या तळघरात लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देते आणि त्या बदल्यात त्यांचे कान उपटते. रेनोचं मृत्युपत्र आमच्या लग्नाआधीचं, त्यात तुमचं नाव आहे आणि कोर्टानेही त्याचे व्यवहार तुमच्याकडेच दिलेत. म्हणून तुमची सही लागते.

हे अर्धंच खरं आहे. तुम्ही सगळा जन्म टपाल कचेरीत काढलात, न वाचता सही करणाऱ्या तुम्ही नव्हेत. वरच्या बाजूला 'विवाहित, वेगळं विवरणपत्र' यासमोर खूण दिसेल. मग तुम्ही विचाराल, वेगळं का? नवरा ज्या वर्षी जातो त्या वर्षाचं बायको दोघांचं मिळून भरते. रेनोचे वडील गेले तेव्हा तुम्हीही तसंच भरलं होतंत.

सांगते. पण जरा आडवळणाने सांगू द्या.

गेल्या वर्षी जानेवारीत आमचं लग्न झालं, त्याच आठवड्यात आम्ही पगारातून कर किती कापायचा त्याचे फॉर्म जेवणाच्या टेबलावर भरत बसलो होतो. रेनोने 'विवाहित'च्या चौकोनात इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. "दहा वर्षं एका घरात राहिलो, सरकारला आज कळतंय," म्हणाला. मग म्हणे, "पुढच्या वर्षी एकाच कागदावर दोघांची नावं. माझं वर."

"तुझंच का वर?"

"माझं अक्षर घाण आहे. वर असलं तर निदान वाचतील तरी."

तो अगदी लहान मुलासारखा त्या कागदाची वाट बघत होता. एप्रिलमध्ये तुमच्या घरासमोरच्या तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. पुढे पगारवाल्या बाईंनी मला बजावलं की आता तू एकटी, फॉर्म बदल. मी हो हो म्हटलं आणि बदलला नाही. कुठेतरी माझं लग्न अजून चालू होतं, तेवढंच.

गॉर्डी तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो, रेनोबरोबर मासे धरायला यायचा. तळं वितळल्यावर रेनोला ज्या होडीतून आणलं, त्या होडीत तो होता. नोव्हेंबरात त्याने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. हेल्मी, मला एकटं राहणं जमेना. आणि माझा त्याच्यावर जीव आहे, तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

लग्न जूनमध्ये करायचं ठरलं होतं. त्याआधी तुमच्याकडे येऊन तोंडाने सांगणार होते. पण कामावर आमच्या स्वयंपाकघरात सगळे उंटावरचे शहाणे. "जून कशाला गं? एकतीस डिसेंबरला जी बायको, ती सरकारच्या लेखी अख्ख्या वर्षाची बायको. कर वाचतो. माझ्या भावाने नाताळच्या आदल्या दिवशी उरकलं." इथे दर वर्षी कुणी ना कुणी असं करतंच. गॉर्डीचं ते वर्ष ओढगस्तीचं गेलं होतं. आम्ही तीस डिसेंबरला कोर्टात जाऊन लग्न केलं आणि समोरच्या हॉटेलात ॲपल पाय खाऊन घरी आलो. तुम्हाला कळवलं नाही. मी भित्री आहे.

मग व्हर्नापुढे जाऊन बसलो. तिने विचारलं, "लग्न कधी?"

"डिसेंबर संपता संपता."

"आणि रेनो गेला तो एप्रिलही त्याच वर्षातला?" तिने चष्मा काढला. "अगं बये, दोन दिवस दम धरवला नाही तुला?"

"का? काय झालं?"

"एका वर्षाला एकच नवरा. एकतीस डिसेंबरला जो असेल तो. तुझं गॉर्डीबरोबर जाईल. रेनोचं एकट्याचं."

"पण तो माझा नवराच होता!"

"होता ना. तेच लिहायचंय, विवाहित, वेगळा."

गॉर्डीने पुढ्यातले कागद व्हर्नाकडे परत सरकवले. म्हणाला, "मला नको तो वाचलेला कर. मी माझं वेगळं भरतो. मग तिला रेनोबरोबर भरता येईल ना?"

"नाही रे बाबा," व्हर्ना हळू आवाजात म्हणाली. "तू वेगळं भरलंस म्हणून ती त्याच्याकडे परत जात नाही."

करायला गेले एक आणि झालं एक. रेनोच्या नि माझ्या लग्नाला कराचं एकच वर्ष मिळालं होतं. आमची दोन नावं एका कागदावर येण्याची ती एकच संधी होती, आणि ती मी हाताने घालवली. व्हर्ना पुढे आमच्या पगाराच्या नव्या फॉर्मबद्दल सांगत होती, दोघं कमावता तर तो खालचा चौकोनही भरा, नाहीतर कर कमी कापला जाईल आणि पुढे एकदम भरावा लागेल. गॉर्डीने भरला. माझा अजून पर्समध्ये तसाच आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

रेनो घरी येतो, हेल्मी. गेल्या उन्हाळ्यापासून. कामावरून सुटायच्या वेळेला मागच्या दारी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज होतो. जुलैच्या उकाड्यातसुद्धा झाला. आधी मी घाबरले, मग मला त्याची सवय लागली. "दार नीट लाव," असं म्हणायचे मी, आणि आतल्या जमिनीच्या फळ्या करकरायच्या. मला वाटलं, लग्नानंतर थांबेल. थांबलं नाही. एकदा गॉर्डी जेवता जेवता उठून बघून आला, परत बसला आणि जेवू लागला. त्यालाही ऐकू येतं.

पण आम्ही व्हर्नाकडून आल्यापासून रेनो आत येत नाही. दाराबाहेर बूट आपटतो आणि उभा राहतो. खूप वेळ. आपलं घर हेच की दुसरं, ते न कळल्यासारखा. मला ते सहन होत नाही. मी त्याला वेगळं काढलं नाही हो, मला ठाऊकच नव्हतं.

तो तुमचं ऐकायचा. एकदा त्याला हाक मारून तुमच्याकडे बोलवा. सही केली नाहीत तरी मी समजेन, पण एवढं करा.

अजून तुमचंच आडनाव लावणारी,
ट्रीना


५ मार्च

ट्रीना,

सही केली आहे. व्हर्नाला सांग, फुल्या मारायची गरज नव्हती, मला डोळे आहेत.

तुझ्या लग्नाचं मला जानेवारीतच कळलं. माझ्या जागेवर आलेला टपालवाला सांगून गेला. राग आला. लाकडं फोडत बसले. लाकडं संपली तेव्हा राग थोडा उरला होता, तो अजून आहे. पण गॉर्डीने होडीत त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळलं, ते मी खिडकीतून पाहिलं आहे. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही.

छप्पर मीच साफ केलं.

तू लिहिलंस तसं केलं. दार उघडून हाक मारली, लहानपणी मारायचे तशी, पूर्ण नावाने. शेजारचा कुत्रा भुंकला. बाकी काही नाही.

हे कुणाला सांगू नकोस. तो गेल्यापासून मी रोज संध्याकाळी रेडिओ बंद करते आणि कान देऊन बसते. तो इथेच, माझ्या समोर गेला. वाटायचं, आला तर आईकडेच येईल. एकदाही आला नाही. मला वाटलं, मेलेली माणसं येत नसतील. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की येतात, फक्त माझ्याकडे येत नाहीत.

त्याला हाकलू नकोस. शनिवारी मी तुमच्याकडे जेवायला येते. जे असेल ते चालेल. मला मागच्या दाराजवळची खुर्ची दे, आणि जेवताना दोघंही बोलू नका.

हेल्मी