मालवणात बोट दिवसभर उभी

मंगळ. ३० एप्रिल १९६३. रत्नागिरी सोडल्यावर.

वही घेतली थंडीत. पहिल्या पानावर नाव घातलं आणि ठेवून दिली. रोज म्हणायचं, उद्या. बोटीच्या कँटीनात कपबश्या विसळणाऱ्याला लिहिण्यासारखं काय असतं, असं सांगून स्वतःची सुटका. खरं तर लिहायचं होतं म्हणूनच टाळत होतो.

बाबांची वाचा गेली.

लिहिलं एकदाचं.

माघात झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मला कळलं ते बोटीच्या शिडीवरून. मालवणात खडकांमुळे बोट लांब नांगरते, उतारू पडावातून ये-जा करतात. पडाववाला तातू आमच्या गावचा, रेवंडीचा. खाली त्याचा पडाव वरखाली होतोय, वर मी भज्यांचं ताट घेऊन उभा, आणि तो ओरडतोय, "रघू रे, बापूस तुझो बोलणा नाय!" मला वाटलं, अजून रागावलेत. घर सोडलं तेव्हापासून रागच आहे. म्हटलं, "नाय तर नाय!" तातू नुसता हात हलवत राहिला. भोंगा झाला. पुढच्या फेरीला नीट समजलं.

निघालो त्या दिवशी ओटीवरून म्हणाले होते, "खंय जातलंस ता जा." माझ्यापुरता तोच त्यांचा शेवटचा शब्द राहणार आता. दुसरा येणार कुठून.

दूध उतू गेलं. कँटीनच्या शेट्येमामांनी हाक मारली.

शुक्र. ३ मे. परतीची फेरी.

दोन बातम्या. पहिली शेट्येमामांकडून. मामा म्हणजे आमच्या कँटीनचे मालकच म्हणायचे. येत्या गुरुवारची बोट सहलीची. मुंबईची सुट्टीतली मंडळी घेऊन मालवणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहणार, मग गोव्याला. एरवी तासभरही थांबत नाही. मामा म्हणाले, "तू इथलाच ना रे? नाश्ता उरकला की उतर. घरी जाऊन ये." मी मान हलवली. हो म्हणूनही हलते, नाही म्हणूनही.

दुसरी तातूकडून. आबाकाकाचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा निरोप. यंदाची राखण अजून दिलेली नाही.

आमच्यात नांगर धरायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात राखणदार देवाला नारळ देतात. घरातला कर्ता उभा राहून गाऱ्हाणं घालतो, मोठ्यानं. सगळ्यांची नावं घेऊन मागायचं, पोराबाळांचं, गुरांचं, मुंबईत गेलेल्यांचं. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबांचा आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जाई. कोळंबचा तरवाला, खाडीवरून होडीने माणसं नेणारा, म्हणे, भिकाजीची राखण झाली, आता पाऊस येवंदे.

यंदा आबाकाकाने नारळ हातात घेतला तर बाबांनी डाव्या हाताने ओढून घेतला. परत घेतला, परत ओढला. आई रडायला लागली म्हणे. निरोप असा: "रघून येवन उभा रवांदे, नायतर नारळ तू फोड म्हणान माका सांगांदे. मिरग कोणासाठी थांबाचो नाय."

म्हणजे काय ते मला कळतं. राखणदारासमोर एकदा "मी ह्या घराचो" म्हटलं की म्हटलं. मग परत येऊन कपबश्या विसळता येत नाहीत. आमच्याकडे कोणी तसं केलेलं नाही. आणि नाही म्हटलं तर घर आबाकाकाचं, बाबा त्यांच्या दारातले.

पुढच्या आठवड्यांत बोट बंद होईल ती पावसाळाभर. मामांनी कोचीनच्या बोटीवर चिकटवतो म्हटलंय.

रवि. ५ मे. मुंबई.

विचार करायला म्हणून बाहेर पडलो. बाबांसाठी काहीतरी घ्यावं असंही होतं. गोदीच्या दारापाशी एका घोड्याला पट्ट्यात बांधून यारीने बोटीवर चढवत होते. ते बघत राहिलो. दुपार गेली. हवेत असताना घोडा पायसुद्धा हलवत नव्हता. डोळे मात्र.

काही घेतलं नाही. काय घेणार? ज्यांना बोलता येत नाही त्यांना काय आवडतं ते विचारायचं कसं.

माझं असंच होतं. कुडाळला मोटारस्टँडवर लागलो, बाजाराच्या दिवशी पिंगुळीचे बाहुलीवाले भेटले, त्यांची पेटी उचलून चालू पडलो. वर्षभर त्यांच्यात. मग शिरोड्याला मिठागरावर. मग इथे. बाहुलीवाल्यांचा म्हातारा म्हणायचा, तुझा आवाज चांगला आहे, राक्षसाला शोभतो. पडद्यामागून मी कितीही ओरडेन. गाऱ्हाण्याला पडदा नसतो.

बुध. ८ मे. बोटीवर.

सहलीची मंडळी. दिवसभर एकच गजाल, उद्या मालवणात काय करायचं. दादरचे एक वकील आहेत, पत्नी आणि सासूबाई बरोबर. चहा दिला की मला धरतात.

"तुम्ही इथले ना? मग सांगा, एका दिवसात काय बघावं?"

मी म्हटलं किल्ला. वकिलीणबाई म्हणाल्या, किल्ला बघून काय करायचाय, दगडच ना, मला खाजं आणि आमसुलं घ्यायचीत. सासूबाई म्हणाल्या, "मला फक्त न हलणाऱ्या जमिनीवर बसवा कुणीतरी." सगळे हसले. मी पण. मग शेजारच्या बाकावरचे आले, त्यांना समुद्रात डुंबायचं. एकाला मासळीचं जेवण, सोवळं घरी सोडून आलाय. सगळ्यांचे दिवस मी लावून दिले, आधी हे, मग ते, ऊन उतरल्यावर बाजार.

वकील म्हणाले, "आणि तुमचा काय बेत?"

"घरी जाणार."

"वा! भाग्यवान."

लिहिताना वाईट वाटतंय.

गुरु. ९ मे. सकाळ.

किल्ला दिसतोय. त्याच्यामागे उत्तरेला सर्जेकोट, त्याच्या आत आमचे माड. पडाव सुटलेत. नाश्ता उरकला. स्वच्छ शर्ट घातलाय. जातोच.

त्याच दिवशी. दिवेलागणीच्या आधी.

गेलो नाही. गेलो पण

नीट लिहितो.

तातूच्या पडावातून उतरलो. तातू म्हणाला, "आवशीक सांगलंय मी. वडे करता." धक्क्यावर वकील उभेच. "आधी किल्ला, तासाभरात परत, मग तुम्ही मोकळे." कोणी जबरदस्ती केली नाही. मीच पुढे झालो. सासूबाईंना हात धरून पायऱ्या चढवल्या. तटावरून त्यांना दाखवलं, ते तिकडे आमचं घर. त्या म्हणाल्या, "मग इथे काय करतोयस रे बाळा?" वकिलांनी शहाळी मागवली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

मग बाजार. आमसुलं दाखवली, खाजं चाखून घेतलं, वकिलीणबाईंना भाव कमी करून दिला. ऊन माथ्यावरून गेलं तेव्हा कोळंबची वाट धरली. वाटेत एक जण होडीला डांबर फासत होता. त्याच्याशी गप्पा. का, ते माहीत नाही. डांबराचा वास चांगला येतो.

खाडीवरच्या तरीवर पोचलो तर होडी पलीकडे. सावलीला बसून तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, बा देवा म्हाराजा, मी भिकाजीचो झील. राक्षसाचाच आवाज आला.

होडी आली. बाजारकरणी चढल्या. शेवटी शेजारघरची शेवंती वैनी, डोक्यावर टोपली. माझ्याकडे बघतच राहिली.

"भिकाजीचो रघू मां रे तू?"

आणि मी म्हटलं, "नाही हो. मी मुंबईचा. सहलीच्या बोटीतून आलोय, जरा बघायला."

असं पुस्तकातल्यासारखं म्हटलं. का म्हटलं? सुचलं म्हणून नाही. आधीपासून तयार असल्यासारखं आलं.

वैनी म्हणाली, "मुंबयचो? बरां. कान मात्र आमच्या भिकाजीचे घेवन इलंस." बायका हसल्या. ती हसली नाही. "तुमका काय सांगतलंय, पावण्यांनू. थय एक माणूस सकाळपासून खळ्यात बसान आसा. जेवाक म्हणान उठलो नाय."

तरवाला म्हणाला, "चढतंस काय रे? होडी काय तुझ्यासाठी उभी नाय."

मी मान हलवली. त्याने ती नाही म्हणून धरली.

होडी गेली. वैनी मध्यावर जाऊन मागे वळली, मग पाठ करून बसली. बायका उतरून माडांत दिसेनाशा झाल्या तरी मी तिथेच. होडी पुन्हा अलीकडे आली. पुन्हा गेली. मी परत फिरलो.

पुन्हा तातूच्याच पडावात बसलो. त्याला सगळं कळतं. मीच म्हटलं, "आबाकाकाक सांग, नारळ तूच फोड."

तातू वल्हं मारत म्हणाला, "माका नको सांगू. मी उतारू न्हेतंय-हाडतंय. असल्यो गजाली न्हेवक माझो पडाव नाय."

"मग कोण सांगतलो?"

"तुका तोंड आसा."

वर आलो. मामांनी विचारलं, गेला होतास? हो. कसे आहेत? बरे आहेत. मामांनी खांद्यावर थोपटलं, चहाचं आधण ठेवायला सांगितलं. मंडळी परतली. वकिलीणबाईंनी मला खाजं दिलं, खाल्लं. गोड लागलं, ह्याचाही राग आला.

पहिला भोंगा झाला. दुसऱ्यानंतर नांगर उचलतील. कोपऱ्यात बसून लिहितोय. निरोप अजून माझ्याचजवळ आहे. गोव्यावरून कार्ड टाकता येईल. टाकणार नाही, मी मला ओळखतो. कोचीनच्या बोटीवर निदान

मामा आले. म्हणतायत, शिडीशी एक होडी लागलीय, पडाव नव्हे, साधी वल्ह्याची. सर्जेकोटाकडून आली. खलाशी हाकलतायत, तरी हटत नाही. वल्ह्यावर एक म्हातारा, आणि एक बाई, तीच बोलतेय सगळं, सारखं माझं नाव घेतेय. आणि मध्ये एकाला उशांना टेकवून बसवलंय. तिकीट विचारलं तर बोलत नाही. नुसता वर बघतोय.

मामा म्हणतायत, "तुझ्या ओळखीचे आहेत का रे?"

दुसरा भोंगा अजून झाला नाही.