पहिल्या खुर्चीची गिऱ्हाइकं

ता. १ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून पाठवते. काल, शनिवारी, दुकानात घडलं ते असं:

१. सकाळी आठ ते एक या वेळात एकोणीस गिऱ्हाइकं आली.
२. त्यांतले अकरा जण पंख्याखाली बसून, पेपर वाचून, केस न कापताच परत गेले.
३. अकराही जण पहिल्या खुर्चीचे, म्हणजे तुमचे.
४. मौनीबुवांनी आपली दुसरी खुर्ची झटकली आणि औषधवाल्यांना बोलावलं. औषधवाले म्हणाले, मालकांचा फोन आला होता. ते येईपर्यंत डोक्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही अशी ताकीद आहे.
५. मौनीबुवांनी कापडाची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

बाबा, ते पंधरा वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर काम करतायत. तुम्ही नेमके किती जणांना फोन केलेत? मला आकडा हवा आहे. हेडमास्तरांचे केस आता कॉलरवर आलेत आणि ते बाकावर बसून मला शिस्तीबद्दल सांगतात.

तुमच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन तुम्ही आत्याकडे विश्रांतीला गेलात, त्याला पाच आठवडे झाले. कटिंग करताना कोपर खांद्याच्या रेषेत किती वेळ असतं ते मी मौनीबुवांकडे बघून मोजलं. वीस मिनिटांच्या कामात बारा मिनिटं. तुमचा हात तेवढा वेळ वर राहतो का? गिऱ्हाइकांना एक आणि मला दुसरं सांगू नका.

आत्याला आणि काकांना नमस्कार. औषधं घेता असं समजते. तुमचा लोभ बाकावरच्या लोकांत वाटून काही उरला तर इकडेही पाठवा.

तुमची मुलगी


ता. ४ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आत्या विचारत होती, पोरीने पत्र लिहिलंय की पंचनामा केलाय. मी म्हटलं, आमच्याकडे आता प्रेमसुद्धा क्रमांक घालून येतं.

फोन मी सहा-सातच केले. बाकीच्यांनी आपणहून केले. त्याला मी काय करू? हेडमास्तरांच्या डोक्यात दोन भोवरे आहेत, एक इकडे फिरतो, एक तिकडे. औषधवाल्याच्या डाव्या कानामागे लहानपणची खूण आहे, ती झाकायची असते आणि झाकली असं दिसता कामा नये. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं, बाई. मौनीबुवाचा हात चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण माणूस आरशात बघून काहीतरी विचारतो, आणि हा नुसता मान हलवतो.

हाताची काळजी करू नकोस. काल विहिरीवरून भरलेली बादली उचलली. येत्या नाही, तर पुढच्या मंगळवारी खुर्चीमागे उभा असेन. तोवर माझ्या खुर्चीवर कुणाला बसवू नकोस आणि माझ्या कात्र्या हलवू नकोस. त्या मी ठेवल्यात तशा तिरक्याच बऱ्या आहेत.

वेळेवर जेव. रागावतेस तेव्हा आईसारखी दिसतेस, इतकं पत्रातूनही कळलं. आहे तेवढा लोभ तुझाच, मोजून घे.

बाबा


ता. ७ मार्च

चि. पोरीला,
आत्याचे आशीर्वाद.

बाबाला न सांगता लिहितेय. त्याला कळलं तर म्हणेल, ताई फितूर झाली.

गुरुवारी त्याने ह्यांना ओसरीत स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, हात मोकळा करतो. हे बिचारे बसले. डावी बाजू इतकी सुरेख कापली की मी आतून बघायला आले. आणि मग हात खाली आला तो वर जाईचना. तो म्हणाला कात्री बोथट आहे. कात्री आदल्याच दिवशी धार लावून आणलेली. मग तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. उजवी बाजू तशीच राहिली. हे घरातसुद्धा टोपी घालून जेवतात आणि विचारलं तर म्हणतात, मला थंडी वाजते.

बादलीचं खोटं आहे. गेल्या वेळी डॉक्टरांनी सरळ सांगितलं की रोजची कामं होतील, पण दिवसभर हात वर धरून उभं राहणं आता विसरा. तुला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली. मी घेतली नाही, नुसती ऐकली.

तू चिडशील. चीड. पण त्याच्या अंगावर मोजपट्टी घेऊन धावू नकोस. माया धरून ठेव, त्याच्यावर आणि माझ्यावरही.

आत्या


ता. १० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज काका बस पकडून दुकानात आले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

मौनीबुवांनी त्यांना दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, हा मालकांचा हात आहे. डावीला कात्री लावायची नाही असं ठरवून त्यांनी उजवी तिच्याबरोबर जुळवली. चाळीस मिनिटं लागली. मी कानापासून दोन्हीकडे मोजून पाहिलं, फरक मिळाला नाही. बाकावर पैज लागली, कुठली बाजू कुणाची. हेडमास्तर हरले. हरूनही खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, आधी मालकांना विचारतो. मी त्यांना काय म्हणणार होते ते इथे लिहीत नाही.

पुढचं महत्त्वाचं आहे. चौकातल्या नव्या सलूनने मौनीबुवांना कामाला बोलावलंय. शनिवारी संध्याकाळी उत्तर द्यायचंय, एवढंच ते बोलले. ते गेले तर तिसऱ्या खुर्चीवरचे कारागीरही त्यांच्यामागे जातील. मला कटिंग येत नाही. मग दुकानात तीन खुर्च्या राहतील आणि त्या पुसणारी मी.

तुम्ही गिऱ्हाइकांना काही समजावून सांगू नका. ते तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. शनिवारी सकाळी नऊला अकराही जण बाकावर असतात. त्यांच्यासमोर दुसऱ्या खुर्चीत बसा आणि मौनीबुवांकडून तुमचे केस कापून घ्या. ते वाढलेत असं काका म्हणाले. आजवर तुम्ही तुमचं डोकं नेहमी स्टेशनाजवळच्या तुमच्या दोस्ताकडे नेलंत. पंधरा वर्षांत मौनीबुवांना एकदाही दिलं नाहीत. मला वाटतं, त्यांनी हे मोजलेलं आहे.

त्यानंतर रोज दुकानात या. भोवरे, कानामागच्या खुणा, कुणाशी काय बोलायचं, हे शिकवायला कोपर वर न्यावं लागत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते आत्याने मला कळवलं, तिच्यावर रागावू नका. हे पत्र काकांच्याच हाती देते, म्हणजे आज पोचेल. शनिवारची नऊची वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. लोभ आहे असं मी धरून चालते. येणार की नाही, ते मात्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

तुमची मुलगी